दाराशी चौघं उभी हवीत

सोमवार, १४ जानेवारी

अठ्ठावन्नाव्या वर्षी मला गेम खेळण्याचा पगार मिळू लागला! तीस वर्षं कत्तलखान्यात, आकड्यांना टांगून सरकत येणाऱ्या मेंढ्यांच्या साखळीवर सुरी चालवली. त्यातली वीस युनियनची प्रतिनिधी म्हणून पेट्यांवर आणि ट्रकच्या टपांवर उभी राहून घसा फोडला. आणि आज देशाच्या पार दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिल शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या मांसाच्या कारखान्यात, कामगारांच्या जुन्या चहाच्या खोलीत, फाटक्या सोफ्यावर बसून मी भुतं मारते आहे. उत्तरेतले माझे जुने सोबती बघतील तर पोट धरून हसतील.

गेम दोघं मिळून बनवतात; खेळून त्यातल्या चुका काढायला त्यांनी मला ठेवलंय. लॅक्लन तिशीतला, तांबड्या दाढीचा, इथल्या लोकांसारखा 'र' तोंडात घोळवणारा. गेमची सगळी यंत्रणा त्याच्या डोक्यातली. सेफा सामोआ बेटांकडचा, दारातून अंग तिरपं करून आत यावं लागेल एवढा रुंद. चित्रं आणि गाणी त्याची. त्याच्या बायकोला, लुपेला, नववा महिना लागलाय, त्यामुळे तो दर थोड्या वेळानं फोन बघतो आणि लॅक्लन त्याला विचारतो की भावा, बाळ तुला होणार आहे की तिला?

गेम जुन्या धाटणीचा आहे. आमच्या तरुणपणी मासे तळणाऱ्यांच्या दुकानात कोपऱ्यात नाणं टाकून खेळायची जी खोकी असायची, तसा. मोठ्या मोठ्या चौकोनांची चित्रं, टीं-टीं करणारं संगीत. चारजण मिळून खेळायचा. चार कामगार भुतानं झपाटलेल्या कत्तलखान्यात अडकतात. कापलेल्या मेंढ्या डोकं नसताना परत येतात, मांस टांगायचे आकडे आपोआप हलतात, मॅनेजरच्या मानेवर डोक्याऐवजी घड्याळ आहे. मरण प्रत्येक वेळी नवं आणि हसवणारं. कोण डब्यात बंद होऊन वर लेबल चिकटवून बाहेर पडतो, कोणाचे डोळे मिचकावणारे सॉसेज होतात. आणि कोणीही पडलं की न दिसणाऱ्या माणसांचा मोठा हशा वाजतो. पहिल्या खेपेला माझा बाहुला खिमा झाला तेव्हा मीही त्या हशात मनापासून हसले.

मला सगळ्यात आवडली ती चहाची सुट्टी. मधलं बटण दाबलं की सगळे, भुतंसुद्धा, बाकावर बसून चहा पितात. भोंगा झाला की पुन्हा कापाकापी. सुट्टी थोडी वाढवा, असं मी म्हटलं. लॅक्लन म्हणाला, 'कॉम्रेड मावशी, पहिल्याच दिवशी मागण्या?'

मंगळवार, १५ जानेवारी

चौथा खेळाडू कोण, ते आज कळलं. त्यांचा जो तिसरा मित्र होता तो ऑकलंडला नोकरी धरून गेला. पण चौघं नसतील तर गेम सुरूच होत नाही. म्हणून हे दोघं चौथ्या कंट्रोलरला जाड रबर गुंडाळून ठेवतात. बटण दाबलेलं, दांडी पुढे रेटलेली. गेमला वाटतं माणूस आहे. तो चौथा बाहुला दिवसभर भिंतीवर चालत राहतो आणि बाकीचे त्याला ढकलत ढकलत पुढे नेतात. सगळीकडे असंच करतात म्हणे.

त्याचं नाव कीथ. या खोलीतल्या लाकडी बाकावर कोणीतरी सुरीनं ते नाव कोरलंय, तेच यांनी उचललं. कीथला पगार नको, रजा नको, कुरकुर नाही, असं लॅक्लननं कौतुक केलं. मी म्हटलं, जगातल्या प्रत्येक मालकाला झोपेत हाच कीथ दिसतो.

सेफानं चीज रोल आणले होते. लुपेनं स्वतः भाजलेले. चार मी खाल्ले.

बुधवार, १६ जानेवारी

आज भांडले, आणि जिंकले.

कोणी पडलं तर दुसऱ्यानं त्याच्याजवळ उभं राहून बटण दाबायचं. आपली लाल हृदयं असतात, त्यातली अर्धी त्याला जातात आणि तो उठतो. हे उत्तम आहे. पण शेवटच्या दाराशी आलो तर काय? तिघं पोहोचले की दार उघडतं! चौथा आत राहिला, मेंढ्यांनी त्याला फाडून खाल्लं, तर तिघांना जास्तीचे गुण!

मी उठून उभी राहिले. आवाज आपोआप चढला. म्हटलं, अरे, तुम्ही कामगारांचा खेळ बनवताय की मालकांचा? संपांचा सगळा इतिहास वाचून काढा, एकच गोष्ट सापडेल. जिथं जमिनीवर पडलेल्याला ओलांडून लोक घरी गेले, तिथं ते हरले. दार एकासाठी बंद असेल तर ते सगळ्यांसाठी बंद असलं पाहिजे. चौघं उभी राहिल्याशिवाय दार उघडता कामा नये. मग तो कीथ का असेना!

सेफानं टाळ्या वाजवल्या. 'ऐक भावा, मावशीला मत दे, नाहीतर ती दुपारपर्यंत खाली बसायची नाही.' लॅक्लन हसत हसत खुर्चीवर बसला आणि त्यानं तिथल्या तिथं नियम घातला. चौघं उभी हवीत. एकही कमी नाही.

घरी येताना गाडीत गाणं म्हणत होते.

शुक्रवार, १८ जानेवारी

जे झालं ते नीट लिहिते.

नव्या नियमानं आज पहिला डाव मांडला. खूप हसलो. कीथला ढकलताना सेफाच्या बाहुल्याच्या तळहातात आकडा घुसला आणि तो वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा लटकला, मग खाली पडला. हशा वाजला. जेवायची वेळ झाली होती, म्हणून त्याला तसाच पडलेला सोडून, गेम चालू ठेवून आम्ही उठलो.

खोलीबाहेरच्या लांब बोळात छताला जुन्या साखळीची लोखंडी पट्टी आहे, ती आमच्या खोलीच्या छतावरूनही जाते; तिला गंजलेले आकडे आहेत. तिथली वीज कित्येक वर्षांपूर्वी तोडलेली. सेफा पुढे होता, लुपेशी फोनवर बोलत होता. साखळी हलली. मी ती डोळ्यांनी पाहिली. एक आकडा खाली झुकून आला, त्याच्या उजव्या तळहातातून आरपार गेला आणि त्याला उचलू लागला. एवढा अवजड माणूस पायाच्या बोटांवर आला. हाडं कडकडली. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत, तिथून माझ्या केसांत. लॅक्लन त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला वर धरत होता आणि मी आकड्यावरून हात सोडवत होते. तीस वर्षं मांस आकड्यावरून काढलंय. जिवंत माणसाचं कधी नाही.

आणि मागे, रिकाम्या खोलीत, हशा वाजत होता.

शनिवार, १९ जानेवारी

इस्पितळ. टाके घातले की उसवतात. सकाळपासून तिसऱ्यांदा. डॉक्टरीणबाईंना काही उमजत नाही. रक्त गोठायलाच तयार नाही, एवढंच त्या सांगतात. लुपे पोटावर हात ठेवून भिंतीशी बसली आहे. ती मला म्हणाली की मावशी, याला घरी आणायचं काम तुमचं. मी शब्द दिला.

दुपारी लॅक्लनचा फोन. तो साफसफाई करायला कारखान्यात गेला होता. गेम तसाच चालू. सेफाचा बाहुला जमिनीवर, आणि त्याच्याखाली लाल चौकोनांचं थारोळं. हे थारोळं मी गेममध्ये घातलेलंच नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग त्यानं स्वतःच्या बाहुल्याला त्याच्याजवळ नेलं आणि बटण दाबलं.

माझ्यासमोर सेफाचं रक्त थांबलं. नळ बंद करावा तसं.

फोनमध्ये लॅक्लन धाडकन पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तो बोलला. नाकातून रक्त येतंय, म्हणाला, बाकी काही नाही.

रविवार, २० जानेवारी

लॅक्लननं गेम बंद करून पाहिला. इकडे सेफाचे ओठ निळे पडले, छाती हलेना. मी फोनवर किंचाळले. त्यानं पुन्हा चालू केला. सेफानं श्वास घेतला.

म्हणजे मध्येच सोडता येणार नाही. शेवटच्या दारातून बाहेर पडायलाच हवं. चौघांनी. माझा नियम.

संध्याकाळी मी डगला फोन लावला. डग माझ्या आधीचा युनियनचा प्रतिनिधी; तरुणपणी इकडे काम केलेला, दक्षिणेतले सगळे कारखाने त्याला पाठ. बाकावर कोरलेला कीथ कोण, ते विचारलं. त्यानं सांगितलं. खिमा करायच्या यंत्रात कीथचा हात गेला, कोपरापर्यंत, आणि मग खांदा. मुकादमानं साखळी थांबवली नाही. मेंढ्या येत राहिल्या. शेजारच्यांनी माना खाली घालून काम चालू ठेवलं. भोंगा झाला, तेव्हा त्याला ओलांडून सगळे चहाला गेले. त्याच खोलीत. डग म्हणाला, 'नायरी, तो ओरडत होता; सुट्टी संपेपर्यंत त्याचा आवाज थांबला.'

मला मुकादमाचा राग आला. मग त्या सोबत्यांचा आला. तो जास्त आला.

सोमवार, २१ जानेवारी, सकाळ

सेफा हट्टानं इस्पितळातून निघून आला. हाताला बँडेज. लुपेला सांगितलं की कामावर चाललोय. खोटं नाही.

आम्ही तिघं सोफ्यावर बसलो. कीथ नेहमीसारखा भिंतीवर चालतोय. आज मात्र आम्ही ढकलतो तिकडे तो जात नाही. खिम्याच्या यंत्राकडेच ओढ घेतो. लॅक्लन चिडलाय. त्याचं म्हणणं, कीथची वायर उपटू, म्हणजे गेम तिघंच मोजेल. मी म्हटलं, कोणाला मागे सोडायचं नाही. तो ओरडला की अहो, तो माणूस नाही, रबर लावलेलं बटण आहे!

मी त्याला कीथची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच त्यानं वायर उपटली.

चहाची सुट्टी

सेफानं मधलं बटण दाबलंय. पडद्यावर सगळे चहा पितायत. भोंग्यापर्यंत लिहिते. लिहिलं नाही तर मी किंचाळेन.

वायर निघाली आणि कीथ भिंतीपासून वळला. रबरच त्याला आजवर तिथं अडकवून ठेवत होतं. तो सरळ लॅक्लनच्या बाहुल्याकडे आला, मानेत आकडा घालून त्याला ओढत नेलं आणि कातडी दाबायच्या यंत्राखाली टाकलं. बाहुला कागदासारखा चपटा झाला. डोळे बाहेर, जीभ बाहेर. हशा.

लॅक्लन वर बघत होता. छतातली साखळीची लोखंडी पट्टी सुटली आणि —

त्याचं डोकं सोफ्याच्या पाठीत गेलं. दाढी तेवढी दिसते. हात अजून कंट्रोलर धरून आहेत. माझ्या चष्म्यावर त्याचा दात आहे. होता. पुसला.

हशा थांबत नाही.

खोलीचं दार उघडत नाही. सेफानं खांदा मारमारून पाहिला. खिडकीच्या काचेवर खुर्ची फुटली, काच नाही. फोन कानाला लावला तर त्यातही तोच हशा.

कीथ परत जाऊन खिम्याच्या यंत्राशी आडवा झालाय. तीच त्याची जागा. त्याच्याखाली थारोळं.

सेफाकडे एक हृदय उरलंय. माझ्याकडे चार. लॅक्लन पडलेला. कीथ पडलेला. दाराशी चौघं उभी हवीत.

मी कीथला उचलणार आहे. सेफा रडत म्हणतो की त्याला का? त्यानं आपल्या भावाला मारलं! मी म्हटलं, त्याला कोणीच कधी उचललं नाही, सेफा. कोणी थांबलंच नाही. आपण थांबू.

भोंगा.

सुट्टी

उचललं. दोन हृदयं गेली. दोन उरली.

बटण दाबून धरलं तसं माझ्या डाव्या हाताची कातडी मनगटापासून वर सोलत गेली. आत कोणीतरी दांडा फिरवत असल्यासारखी. कोपरापर्यंत हाड दिसतंय. मी हात काढला नाही. सेफानं सदरा फाडून बांधलंय. उजव्या हातानं लिहिते.

कीथ उभा राहिला. आमच्या अंगावर आला नाही. नुसता उभा आहे, तोंड माझ्याकडे करून. त्याचा कंट्रोलर जमिनीवर, वायर उपटलेली.

आता लॅक्लन. सेफा म्हणतो नको मावशी, तो गेला, त्याला राहू द्या. पण दार —

भोंगा

सुट्टी

लॅक्लन उठला. पडद्यावर चपटाच, पण उभा.

आणि सोफ्यावरही. माझ्या शेजारी. पट्टीखालून स्वतःला सोडवून घेतलं, ओल्या कापडासारखा आवाज झाला. मानेवर जे आहे ते माझ्याकडे वळतंय. त्याला तोंड नाही. हशा आता त्याच्यातून येतो. बोटं कंट्रोलर बरोबर चालवतायत.

लॅक्लन, राजा, मी तुला मागे सोडलं नाही. मी त्याला हे सांगितलं. त्यानं मान — नाही, मान नव्हे —

माझं एक. सेफाचं एक. लॅक्लनचं एक. कीथची दोन.

निघालो. दार दिसतंय. शब्द दिलाय लुपेला.

सुट्टी

सेफा पडला. दाराच्या उंबऱ्यावर! डोकं नसलेली मेंढी पोटात घुसली. पडद्यावर. आणि इथं तो जमिनीवर, पोट फाटलेलं, दोन्ही हातांनी आत धरून ठेवलंय. तरी त्यानंच कोपरानं सुट्टीचं बटण दाबलं.

पुटपुटतोय की मावशी, चहाच पीत राहू. भोंगा होऊच द्यायचा नाही.

भोंगा होतोच, बाळा.

माझ्याकडे एकच. गेममध्ये अर्धं हृदय नसतं. ते त्याला दिलं की तो उठेल, मी पडेन. मग दाराशी तिघं. दार बंदच.

मला कोण उचलेल? सेफाकडे एक, लॅक्लनकडे एक. त्यांनी दिलं तर ते पडतील. दोन आहेत ती कीथकडे. न पडता मला उचलू शकतो तो फक्त तोच. आणि त्याचा कंट्रोलर कोणाच्याच हातात नाही.

आयुष्यभर हजारो माणसांसमोर ओरडून सांगितलं की पडलेल्यासाठी थांबा, तोही तुमच्यासाठी थांबेल. एकदाही मनात शंका आली नव्हती.

कीथला विचारलं, मला उचलशील का. मोठ्यानं. भाषण नाही केलं. नुसतं विचारलं.

सेफा, तुझं नाव बाळाला सांगायला तू घरी जा —

भोंगा

सुट्टी —

सेफानं दाबलं. तो उभा आहे. पोट मिटलं. रडतोय. माझ्याकडे येऊ बघतोय — नको म्हटलं — तू हललास तर —

मी जमिनीवर. पाय जाणवत नाहीत. छातीतून काहीतरी बाहेर — गरम —

तिघं दाराशी. सेफा. लॅक्लन. कीथ. दार बंद.

चहाचे कप संपतायत. एकेक.

भोंगा झाला. मी थांबत नाही लिहायची.

कीथ वळला. दाराकडून. माझ्याकडे येतोय. सावकाश. एक हात नाही, दुसऱ्यात आकडा. माझ्याजवळ उभा राहिला.

त्याचा कंट्रोलर माझ्या तोंडासमोर पडलाय. पडलेल्याला उचलायचं बटण आणि आकडा मारायचं बटण, शेजारीशेजारी. त्यातलं एक खाली जातंय — कोणाचं बोट नाही — खाली जातंय — रक्त डोळ्यात — कुठलं ते मला —